बाळाच्या लसी पालिकेच्या दवाखान्यात घेतल्या, माझा अनुभव

माझी मुलगी आता दोन वर्षांची आहे. ऑफिसमध्ये, बिल्डिंगमध्ये कोणाकडे बाळ झालं की मला हमखास विचारतात, खर्चाचं कसं जमवलंत गं. डायपर, दूध पावडर, कपडे यावर सगळेच बोलतात पण लसींवर फार कोणी बोलत नाही, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाचले, म्हणून आज नीट बसून सगळं लिहितेय.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. नवरा-बायको दोघं नोकरीला, घरी सासूबाई, घराचा हप्ता चालू. माझी डिलिव्हरी खाजगी नर्सिंग होममध्ये झाली आणि जन्मल्यावरच्या लसी, म्हणजे बीसीजी (क्षयरोगाची), पोलिओचे थेंब आणि हेपॅटायटिस बी, तिथेच दिल्या. डिस्चार्जच्या वेळी पुढच्या लसींची यादी हातात दिली, त्यात दीड महिन्याचा सिक्स इन वन (सहा आजारांवरचं एकच इंजेक्शन), न्यूमोकोकल (न्यूमोनियाची लस) आणि रोटा (जुलाबाची) असं सगळं मिळून आठ-नऊ हजार लिहिलेले, मग अडीच महिन्याला परत, साडेतीन महिन्याला परत. म्हणजे बाळ पालथं पडायच्या आत पंचवीस हजार गेलेच समजा. माझी पगारी रजा 26 आठवड्यांची होती (2017 ला कायदा बदलला म्हणून, आधी 12 च होते) पण ती संपली की पाळणाघराची फी सुरू होणार हे डोक्यात होतंच.

माझी मोठी जाऊ पालिकेच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. ती बाळाला बघायला आली तेव्हा मी यादी दाखवली तर ती सरळ म्हणाली, "अगं, यातल्या मेन लसी आपल्याकडे फुकट आहेत, माझ्या दोन्ही पोरांना तिथेच दिल्यात, तू उगाच कशाला टेन्शन घेतेस." सासूबाईंना काही ते पटेना. सरकारी लस म्हणजे ताप येणार, गाठ येणार, पहिलटकरीण आहे, पैशाकडे बघू नका वगैरे. त्यांची काळजी खोटी नव्हती, म्हणून मी म्हटलं आपण डॉक्टरांनाच विचारू, आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारलं की पालिकेत घेतल्या तर चालेल का.

त्यांनी छान समजावलं. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हेपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) अशा पाच आजारांवरची लस असते. खाजगीतल्या सिक्स इन वनमध्ये त्यात पोलिओचं इंजेक्शन मिसळलेलं असतं, सरकारीत ते वेगळं टोचतात, म्हणजे बाळाला एक टोचणी जास्त. आणि ज्याला सगळे पेनलेस म्हणतात त्यात डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या पद्धतीने बनवलेला असतो म्हणून ताप, सूज कमी येते. सरकारीत अख्ख्या जंतूपासून (मेलेल्या) बनवलेला भाग असतो, त्याने ताप येण्याचं प्रमाण जास्त, पण संरक्षण उत्तम मिळतं. दोन्ही चालतात, तुम्ही बिनधास्त घ्या म्हणाले. न्यूमोकोकल तर 2021 पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आलीय, पूर्वी तीच सगळ्यात महाग पडायची. आणि एक गोष्ट सासूबाईंना एकदम लागू पडली, ते म्हणाले आजी, आपल्या देशातला पोलिओ याच फुकटच्या लसीने गेला, 2011 नंतर मूळच्या (वाइल्ड) पोलिओची एक केस नाही. त्यानंतर सासूबाई स्वतः माझ्याबरोबर यायला तयार झाल्या.

आता तिथे कसं चालतं ते सांगते.

पहिली गोष्ट, वार विचारून जा. आमच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाचे वार ठरलेले होते, तुमच्याकडे वेगळे असतील, आदल्या दिवशी जाऊन किंवा आशा ताईंना विचारून या. जाताना नर्सिंग होमची फाईल, जन्माच्या लसींचा कागद आणि आईचं आधार न्या. तिथे माता बाल संरक्षण कार्ड देतात, मोबाईल नंबर घालून यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर) नोंद करतात, मग पुढच्या लसीचा मेसेजही येतो. खाजगीत सुरुवात केली असेल तरी पुढच्या लसी इथे घेता येतात, जे झालंय ते कार्डावर चढवतात, पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते.

सकाळी लवकर जायचं. मुंबईत गर्दी नाही असं ठिकाण नाही आणि दवाखान्यात तर बाळं, आया, आज्या, सगळ्यांच्या पिशव्या, एक रडलं की दहा रडतात. पण सिस्टर लोकांचा हात एवढा बसलेला असतो की खरंच बघत राहावं. दीड महिन्याला आमच्या मुलीला पोलिओचे आणि रोटाचे थेंब तोंडात, उजव्या दंडावर पोलिओचं अगदी छोटं इंजेक्शन, डाव्या मांडीत पेंटा आणि उजव्या मांडीत न्यूमोकोकल. ते दंडावरचं कातडीतच देतात, नेहमीच्या डोसच्या पाचवा भाग, दिल्यावर तिथे मुगाएवढी फुगी दिसते आणि थोड्या वेळात जाते. सुई प्रत्येक बाळाला नवीन, पॅकेट आपल्यासमोर फोडतात आणि ती सिरिंज एकदा वापरली की आपोआप लॉक होते, परत भरताच येत नाही.

जाऊबाईंनी मला अजून एक बघायला शिकवलं होतं. लसीच्या बाटलीवर एक गोल असतो आणि त्या गोलात एक छोटा चौकोन. चौकोनाचा रंग बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस थंडच राहिलेली आहे, वापरायला हरकत नाही. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाचा झाला की ती बाटली टाकून द्यायची. मी पहिल्या वेळी सिस्टरना म्हटलं जरा बाटली बघू का, त्या अजिबात चिडल्या नाहीत, उलट हातात धरून दाखवली आणि शेजारच्या बायकांनाही बोलावून सांगितलं. लाईट गेली तर, फ्रिज बंद पडला तर, असे जे प्रश्न सगळ्यांना पडतात त्याचं उत्तर त्या बाटलीवरच असतं, नुसतं बघायचं कसं ते माहीत पाहिजे.

अजून एक, ज्यावरून तिथे रोज वाद होतात. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाला गेलात आणि सिस्टर म्हणाल्या की थोडं थांबा, अजून दोन-चार बाळं येऊ देत, किंवा त्या ठराविक वारालाच या, तर चिडू नका. या लसी पावडरच्या असतात, पाणी घालून बनवल्या की 4 तासांत संपवाव्याच लागतात, उरलेली फेकून द्यायची. एका बाटलीत बऱ्याच बाळांचे डोस असतात, म्हणून एकत्र बोलावतात. पेंटा, पोलिओ यांच्या उघडलेल्या बाटल्या नीट थंड ठेवल्या तर 28 दिवसांपर्यंत चालतात म्हणून त्यांना एवढी अडचण नसते. हे कारण माहीत असलं की तासभर बाकड्यावर बसायला काही वाटत नाही.

टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात, बसा, घाई करू नका. सिस्टर प्रत्येकीला सांगतात कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, परत कधी यायचं आणि कार्ड जपून ठेवा.

ताप येतो, हे मी लपवणार नाही. पहिल्या पेंटानंतर संध्याकाळपासून अंग गरम, मांडी जराशी सुजलेली, रात्रभर किरकिर. डॉक्टरांनी आधीच वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलच्या थेंबांचा डोस लिहून दिला होता, तेवढाच दिला, मांडीवर गार पाण्याची पट्टी, आणि अंगावर पाजत राहिले. मांडी चोळायची नाही, शेक द्यायचा नाही, वर काही लावायचं नाही, हे सासूबाईंना दोनदा सांगावं लागलं कारण त्यांच्या वेळी हळद लावायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरगी हसायला लागली. पुढच्या दोन्ही वेळी ताप कमीच आला. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन पाणी येतं तेही आपोआप बरं होतं, आमच्या खालच्या मजल्यावरची ताई घाबरून क्लिनिकला पळाली होती म्हणून मुद्दाम लिहितेय. ताप खूप चढला, दोन दिवसांनी उतरला नाही किंवा बाळ फारच मलूल वाटलं तर मात्र सरळ डॉक्टर गाठा.

अडीच महिन्याला फक्त पेंटा आणि दोन्ही थेंब, ते पटकन झालं. साडेतीनला पहिल्यासारखं सगळं परत.

नऊ महिन्यांची फेरी मात्र अजिबात चुकवू नका, कळकळीने सांगतेय. तेव्हा गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पोलिओचं तिसरं छोटं इंजेक्शन, न्यूमोकोकलचा बूस्टर आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो. साडेतीन ते नऊ महिने मध्ये काहीच नसल्यामुळे लोक विसरतात, त्यात आईची रजा संपलेली असते, बाळ पाळणाघरात, सुट्टी मिळत नाही. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवराची साथ आली होती, गोवंडी भागात लहान मुलं दगावली, बऱ्याच मुलांचे डोस राहिलेले होते. विक्रोळीपासून गोवंडी किती लांब आहे? मी ऑफिसात आधीच सांगून हाफ डे घेतला आणि गेले. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत, त्याबरोबर डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टर, आमचं तेही झालं. अ जीवनसत्त्व पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतं, ते चमच्याने पाजतात, फक्त आठवण ठेवायची.

मग सगळंच फुकट झालं का, तर नाही. टायफॉइड, कांजिण्या, हेपॅटायटिस ए, फ्लू या लसी आम्हाला तिथे मिळाल्या नाहीत, आणि गालगुंडाची लसही सरकारी गोवर-रुबेलात नसते. त्या आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन घेतल्या, एकदम नाही, त्यांना विचारून कोणती आधी कोणती नंतर असं अंतर ठेवून, म्हणजे एका महिन्यात एकच मोठा खर्च. मला हीच पद्धत बरोबर वाटते. पालिकेत जे मिळतं त्यावर खर्च करायचा नाही आणि जे मिळत नाही त्यासाठी पैसे मागे ठेवायचे. पैसे वाचवायचे म्हणून लसच सोडायची हे कधीच करू नका.

आता त्या वाचलेल्या पैशांचं. ते बाजूला काढले नाहीत तर स्विगी आणि रिक्षात कसे जातात कळत नाही. म्हणून जो खर्च यादीत लिहिलेला होता आणि झाला नाही, तेवढी रक्कम त्या त्या महिन्यात मुलीच्या सुकन्या समृद्धी (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) खात्यात टाकायची असं आम्ही ठरवलं. खातं पोस्टात उघडलं. त्यासाठी जन्माच्या दाखल्यावर नाव लागतं, नर्सिंग होमने नुसतं मुलगी म्हणून नोंद केली होती, त्यामुळे बारसं झाल्यावर वॉर्ड ऑफिसला जाऊन नाव घालून घेतलं, एका वर्षाच्या आत केलं तर त्याला फी पडत नाही. मग तो दाखला, माझं आधार-पॅन आणि फोटो, झालं खातं. वर्षाला कमीत कमी 250 रुपये भरावे लागतात, जास्तीत जास्त दीड लाख. भरायचं 15 वर्षं आणि खातं पूर्ण होतं उघडल्यापासून 21 वर्षांनी, अठराव्या वर्षानंतर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. 2024 च्या सुरुवातीपासून व्याज 8.2 टक्के आहे, सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं. दर महिन्याला टाकणार असाल तर 5 तारखेच्या आत टाका, म्हणजे त्या महिन्याचं व्याज धरलं जातं. ज्यांचं पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आहे आणि मुलगी 1 एप्रिल 2023 ला किंवा नंतर झालीय त्यांनी अंगणवाडी सेविकेला लेक लाडकी योजनेचंही विचारा, उत्पन्नाची अट आहे पण बसत असाल तर टप्प्याटप्प्याने मिळून 1 लाख 1 हजार मिळतात, आमच्या कामवाल्या ताईंच्या नातीचा फॉर्म मीच भरून दिला.

बाकी घरचं तेच, जे सगळ्या आज्या करतात. सासूबाईंच्या जुन्या कॉटनच्या साड्यांचे लंगोट आणि दुपटी, दिवसा लंगोट आणि डायपर फक्त रात्री आणि बाहेर जाताना, त्यामुळे रॅशही कमी झाले. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध आणि मग घरी केलेलं नाचणी सत्व, मऊ भात, मुगाची खिचडी. पाळणा नणंदेकडचा, आता तो आमच्याकडून पुढे गेलाय. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत हा मोठा प्रॉब्लेम होता, तेव्हा डायपर जास्त लागले, लागू दिले.

आमच्या कार्डावर आता अ जीवनसत्त्वाचे डोस आणि पाच वर्षांनंतरचा डीपीटीचा बूस्टर एवढंच बाकी आहे. कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून नवऱ्याच्या आणि माझ्या मोबाईलमध्ये ठेवलाय आणि एक झेरॉक्स पाळणाघरात दिलीय, कारण नर्सरीच्या ॲडमिशनला बऱ्याच शाळा ते मागतात.