आधी टेबल, मग खोली

"लोअर परळला हॉटेल घेतलं की सगळं मधोमध पडेल ना?" टोरोंटोहून फोनवर बोलणाऱ्या ताईंनी नकाशा समोर उघडूनच ठेवला होता. आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. वडील मूळचे रत्नागिरीकडचे, उमेदीची सगळी वर्षं बोटीवर चीफ कुक होते. त्यांची इच्छा एकच: जन्मभर दुसऱ्यांना वाढलं, आता चांगल्या ठिकाणी खुर्चीत बसून, कुणीतरी वाढलेलं जेवायचं. ताईंना सुट्टी मिळत नव्हती. म्हणून तीन संध्याकाळी, तीन रेस्टॉरंटं आणि एक हॉटेल, एवढं काम त्यांनी आमच्या दादरच्या ट्रॅव्हल ऑफिसकडे सोपवलं. पहिल्या रात्री मी स्वतः सोबत असावं, ही त्यांची अट होती.

यादी त्यांचीच होती. फोर्टातलं एक टेस्टिंग मेन्यूचं रेस्टॉरंट, ताजमहाल पॅलेसमधलं वसाबी आणि महालक्ष्मीच्या शक्ती मिल गल्लीतलं मास्क. वसाबी काकांसाठी, म्हणजे ताईंच्या वडिलांसाठी होतं. ते योकोहामा-कोबेच्या बंदरांत मासळी घ्यायला स्वतः उतरायचे, आणि जपानी शेफ मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाने ताजमध्ये २००४ पासून चालू असलेलं हे ठिकाण त्यांनी मुलीकडून ऐकलं होतं.

मी ताईंना म्हटलं, "सगळ्यांच्या मधोमध म्हणजे कुणाच्याच जवळ नाही." लोअर परळहून फोर्टला आणि ताजला रोज गाडी लागणार. महालक्ष्मी जवळ आहे हे खरं, पण तिथेही दोन म्हातारी माणसं रात्री चालत जाणार नाहीत. तीन रात्री गाडीने जायचं आणि गाडीने यायचं, तर मग जवळचं हॉटेल शोधण्याला अर्थ काय उरला? मुंबईत जेवायची जागा आणि झोपायची जागा यांतलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. किती वाजता निघायचं, किती वाजता परतायचं आणि चालणारे पाय कुणाचे, यावर ते ठरतं. म्हणून मी नेहमी आधी टेबलं पक्की करते. तारीख, वेळ, जेवण किती तास चालेल, सोमवारी बंद असतं का, हे सगळं हाती आलं की मग खोली बघायची.

मग मी तो प्रश्न विचारला, ज्यावर सगळं ठरलं. "काकूंना सलग किती वेळ बसवतं?"

ताई थोडा वेळ गप्प झाल्या. काकूंच्या पाठीचा मणका दबलेला आहे. तासभर बसल्या की पाठ भरून येते, मग अर्धा तास तरी सपाट आडवं व्हावं लागतं. आणि टेस्टिंग मेन्यू म्हणजे दहा-बारा छोटे पदार्थ, एकामागून एक, सावकाश. अडीच-तीन तास सहज जातात. वसाबीत हवं ते मागवून सव्वा तासात उठता येतं, तिथे अडचण नव्हती. महालक्ष्मीच्या मास्कमध्येही टेस्टिंग मेन्यूच, त्यामुळे तिथे काकू जाऊ शकणार नाहीत हे मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं. तिथे काका पुतण्याबरोबर जातील, असं ठरलं. राहिलं फोर्ट. लग्नाचा वाढदिवस त्याच रात्री होता, आणि त्या जेवणाला दोघंही हवे होते.

तेव्हा हॉटेल फोर्टातच, आणि तेही काकूंना जेवता जेवता उठून खोलीत जाता येईल, पडून परत येता येईल, इतकं जवळ. रेस्टॉरंटच्या मॅनेजरना मी आधीच सांगून ठेवलं. त्यांनी दाराजवळचं टेबल दिलं आणि म्हणाले, "काकू निघायच्या आधी दहा मिनिटं सांगा, त्यांच्या प्लेट्स आम्ही थांबवतो."

या भागाचं मला फार कौतुक आहे. काळा घोड्याभोवती चालत जाण्याच्या अंतरात खैबर, त्रिश्ना ही रेस्टॉरंटं आहेत, किताब महालच्या पहिल्या मजल्यावर शेफ नियती राव यांचं 'एका' नावाचं रेस्टॉरंट आहे. काळा घोड्याहून ताज जेमतेम किलोमीटरभर. मुंबईतलं एके काळचं सगळ्यात ऐटबाज वॉटसन हॉटेलही इथेच. १८९६ च्या जुलैत ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा तिथेच दाखवली गेली. ती इमारत, एस्प्लनेड मॅन्शन, आजही उभी आहे. आणि जेवणावरच पैसे खर्च करायचे असतील तर इथे मध्यम दराची साधी, स्वच्छ हॉटेलं मिळतात. ताईंना मी हिशोबही समजावून सांगितला: बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी ५ टक्के, महागड्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८. हॉटेलवाले 'रात्रीच्या जेवणासकट' पॅकेज गळ्यात मारायला बघतात, ते घ्यायचं नाही. खोली आणि नाश्ता, बस्स. नाश्ता उशिरापर्यंत मिळतो ना, तेवढं विचारायचं.

बुकिंगआधी मी रात्री साडेदहाला तो रस्ता चालून आले. दिवसा बघून काही कळत नाही. फोर्टात काँक्रीटीकरणासाठी रस्ते खणले होते, आणि नकाशावर तीन मिनिटांचं दिसणारं एक हॉटेल मी त्यामुळेच सोडलं. मधल्या गल्लीत खड्ड्यावर फळी टाकलेली होती. दादाभाई नौरोजी रोडला मात्र इमारतींच्या कमानींखालून पदपथ जातो. दिवसभर तिथे फेरीवाले बसतात, रात्री तो मोकळा असतो आणि पावसात डोक्यावर छप्परही मिळतं. त्या कमानींच्या बाजूचं हॉटेल मी घेतलं. दारात दोनच पायऱ्या, लिफ्टला आत बसायला स्टूल, रात्रभर काउंटरवर माणूस.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी काका-काकूंना घेऊन मी पोचले, तर काउंटरवरचा मुलगा हसतमुखाने म्हणाला, "मॅडम, गुड न्यूज आहे. फ्री अपग्रेड!"

झालं होतं असं, की खोल्यांपेक्षा बुकिंगं जास्त घेतली होती. आमची खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती, आणि आमची सोय नरिमन पॉइंटच्या एका मोठ्या हॉटेलात केली होती. समुद्र दिसणारी खोली, मोठा पलंग, जादा पैसे नाहीत. बाहेर गाडीही उभी होती. मी ताईंना कळवलं. टोरोंटोला पहाट होती, तरी लगेच उत्तर आलं: "अरे वा! घेऊन टाका ना."

काका माझ्याकडे बघत होते. काकू सोफ्यावर पाठीमागे उशी घेऊन बसल्या होत्या, प्रवासाने आधीच दमलेल्या. ते हॉटेल आम्ही घेतलेल्यापेक्षा चांगलं होतं, यात वाद नव्हता. पण ते फोर्टातल्या टेबलापासून दोन किलोमीटर लांब होतं. जेवणाच्या मध्यावर गाडी बोलवायची, काकूंना चढवायचं, सिग्नल आणि एकेरी रस्ते पार करून न्यायचं, अर्ध्या तासाने परत आणायचं: त्या पहिल्याच फेरीला कंटाळून 'तुम्ही जेवा, मी नाही येत' म्हणाल्या असत्या. मी ताईंना परत फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

काउंटरवर मी बसूनच राहिले. मोठी खोली नको, समुद्र नको, हीच इमारत हवी. मॅनेजर आले, त्यांना मी बुकिंगची पावती आणि मणक्याची गोष्ट दोन्ही सांगितल्या. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. खिडकी इमारतीच्या आतल्या चौकात उघडते, व्ह्यू काही नाही. एरवी आम्ही ती देत नाही." मी आधी जाऊन पलंग दाबून बघितला. गादी कडक होती. खोली घेतली. दरही त्यांनी आपणहून कमी केला.

रात्री सात वाजता आम्ही कमानींखालून चालत गेलो. पहिली प्लेट समोर आली तेव्हा काकांनी आधी तिच्या कडेला बोट लावलं. "प्लेट गरम करून वाढलीय," ते काकूंना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. नंतर वाढणाऱ्या मुलाला ते विचारत राहिले: ओलं काजू कुठलं, कोकम कुठून आणता, आत किती जण आहेत. समुद्र खवळला की गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, पातेलं अर्ध्यावरच का भरायचं, तेही त्याला सांगितलं. तो मुलगा मन लावून ऐकत होता.

पाचव्या पदार्थानंतर काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मॅनेजरना खूण केली. आम्ही दोघी उठलो, कमानींखालून सावकाश चालत हॉटेलात आलो. गुडघ्यांखाली उशी घेऊन काकू आडव्या झाल्या, डोळे मिटले. मी खुर्चीत बसून होते. पस्तीस-चाळीस मिनिटांनी त्या उठल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चल गो, गोड राहिलंय."

परत गेलो तर काकांच्या समोरचं ताटही रिकामंच होतं. त्यांनी स्वयंपाकघराला सांगून आपलेही पुढचे पदार्थ थांबवले होते, आणि तेवढा वेळ आत जाऊन गॅस, चिमणी, कोल्ड रूम बघून आले होते. आचाऱ्यांपैकी दोघं त्यांना टेबलापर्यंत सोडायला आले. उरलेलं जेवण दोघांनी एकत्र संपवलं. "एवढुसं एवढुसं वाढतात, पण पोट भरलं हो," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वसाबी विनाअडचण पार पडलं. तिसऱ्या रात्री काका आणि पुतण्या कोस्टल रोडने हाजी अलीकडून महालक्ष्मीला गेले. काकूंनी खोलीत वरण-भात मागवला. पहाटे ५:२५ ला सीएसएमटीहून वंदे भारत होती, आणि फोर्टातल्या हॉटेलाचा तेव्हाही उपयोग झाला, टॅक्सीने पाच मिनिटांत स्टेशन. प्लॅटफॉर्मवर काका महालक्ष्मीच्या जेवणातला एकेक पदार्थ काकूंना सांगत होते. गाडीत चढताना मला म्हणाले, "पुढच्या खेपेला हिलाही तिथे न्यायचंय. आसपास खोली बघून ठेव. मोठी नको, गादी कडक हवी."

महालक्ष्मी स्टेशनच्या दोन्ही बाजूंची हॉटेलं मी सध्या बघते आहे. रात्रीची चक्कर अजून बाकी आहे.