रस्त्याच्या कडेपासून एक हात

बेळगावात वडगावहून अनगोळमार्गे उद्यमबागेपर्यंत मी गेली अकरा वर्षे सायकलने कामावर जाते. अंतर जेमतेम पाच किलोमीटरचे आहे आणि चौथे रेल्वे गेट पडलेले नसेल, तर पंचवीस मिनिटांत मी कारखान्याच्या फाटकाशी असते. तीन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका सकाळी, पाऊस नुकताच उघडला होता तेव्हा, कडेला थांबलेल्या मोटारीचे चालकाच्या बाजूचे दार माझ्यासमोर अचानक उघडले. हँडलचे डावे टोक दाराच्या कडेला लागले, पुढचे चाक डावीकडे फिरले आणि मी उजव्या खांद्यावर थेट रस्त्याच्या मध्यभागी आदळले. मागून येणारा टेम्पो माझ्या पायांपासून हातभर अंतरावर थांबला. कॉलरबोन मोडले होते; त्यानंतरचे सहा आठवडे माझा हात झोळीत होता.

भेटायला येणारे प्रत्येक जण म्हणत होते की देवाने राखले, नशीब बलवत्तर म्हणून वाचलीस. त्या शब्दांतली माया मला कळत होती आणि मी जिवंत आहे याबद्दल मीही मनोमन कृतज्ञ होते. पण दुपारी घरात एकटी असताना तो क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येई, आणि हळूहळू माझी खात्री झाली की त्या पडण्यात नशिबाचा भाग फार थोडा होता. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. इतक्या मृत्यूंना नशीब हे एकच कारण पुरवणे मला पटत नाही. माणसे ठरावीक जागी, ठरावीक प्रकाराने पडतात. त्या जागा आणि ते प्रकार ओळखता येतात.

माझ्याच पडण्याचा हिशेब मांडते. त्या दिवशी माझा वेग ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास असावा, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. दार उघडताना दिसणे, ते मनात उतरणे आणि बोटांनी ब्रेक दाबणे यात चांगल्या सावध माणसाचाही जवळपास एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच मी पाच मीटर पुढे गेलेली असते, आणि दार उघडले तेव्हा ते माझ्यापासून दोन-तीन मीटरांवर होते. माझ्या जागी कितीही तरबेज सायकलस्वार असता तरी तो आदळलाच असता. मला वाचवू शकणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी त्या मोटारीपासून किती लांबून जात होते. आणि मी अगदी तिला घासून जात होते.

मी तशी का जात होते, तर मला तसेच शिकवले होते म्हणून. शहापुरात नाथ पै चौकाच्या परिसरात वडिलांनी मला सायकल शिकवली, तेव्हा कॅरिअर धरून मागे पळताना ते सतत एकच सांगत, "कडेनं जा, कडेनं जा." त्या काळी कडेला मोकळी जागा होती, म्हणून तो सल्ला बरोबर होता. आज रस्त्याच्या कडेला काय असते ते पाहा: थांबलेल्या मोटारी, गटाराची वरखाली झालेली झाकणे, वाळू आणि बारीक खडी, दुकानासमोरचे फलक, आणि गल्लीच्या तोंडातून नाक बाहेर काढल्याखेरीज ज्यांना काही दिसतच नाही अशा दुचाक्या. शिवाय कडेला अगदी चिकटून चालणाऱ्या सायकलमुळे मागच्या चालकाला वाटते की शेजारून निघून जाण्याइतकी जागा आहे, आणि तो वेग कमी न करता आत घुसतो. मग पुढे खड्डा आला की आपल्याला ना डावीकडे जागा उरते ना उजवीकडे.

म्हणून आता मी रस्त्याच्या कडेपासून निदान एक हात आत चालते, आणि थांबलेल्या मोटारींच्या रांगेशेजारून जाताना त्याहून जास्त, दीड मीटरच्या आसपास अंतर ठेवते. कारण पूर्ण उघडलेले दार जवळजवळ एक मीटर बाहेर येते आणि आपल्या हँडलची निम्मी रुंदी त्यात धरावी लागते. दोन मोटारींच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येण्याची सवय मी पूर्णपणे सोडली आहे. असे आतबाहेर करणारी सायकल मागच्याच्या नजरेआड होते आणि अचानक त्याच्यापुढे उगवते. सरळ रेषेत, एका गतीने चालावे. बाजू बदलायची असेल तर आधी मान वळवून मागे पाहावे, हात दाखवावा आणि मगच सरकावे. पहिल्या काही दिवसांत मागून हॉर्न वाजतात आणि मन दचकते. पण हॉर्न वाजवणाऱ्याने आपल्याला पाहिलेले असते, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट आहे.

मोटार चालवणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. गाडी थांबवल्यावर उजवे दार डाव्या हाताने उघडा. डावा हात उजव्या दाराकडे नेताना खांदा आपोआप वळतो, त्याबरोबर मान वळते आणि मागून येणारी सायकल डोळ्यांना दिसते. नेदरलँड्समध्ये दार उघडण्याची हीच रीत शिकवली जाते. तिकडे वाहने उजवीकडून चालत असल्याने चालक उजवा हात वापरतो, इतकाच फरक. याला पैसा लागत नाही, नवा रस्ता लागत नाही, आणि घरातल्या लहान मुलांनाही ही सवय एका आठवड्यात लागते.

दुसरी जागा चौकाची. आरपीडी चौकासारख्या ठिकाणी सिग्नलला बस किंवा ट्रक उभा असला की त्याच्या डाव्या बाजूने पुढे सरकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. चालक उंचावर आणि उजवीकडे बसलेला असतो. त्याच्या डाव्या दाराखालचा आणि पुढच्या चाकाजवळचा भाग त्याला दिसत नाही. त्याहून घातक गोष्ट अशी की लांब वाहन वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला कापत येतात. त्यामुळे वाहनाचे तोंड आपल्यापासून लांबून वळले म्हणून निश्चिंत झालेला माणूस मागच्या चाकाखाली सापडतो. ऊसगळीत सुरू झाली की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, आणि बाहेर लोंबणारा ऊस अंधारात दिसतही नाही. अशा वाहनाच्या मागेच थांबावे, त्याला जाऊ द्यावे. दोन मिनिटे उशीर झाल्याने आजवर माझी एकही हजेरी बुडालेली नाही.

चौथ्या गेटाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे पडलेली माणसे मी दरवर्षी पाहते. गेट उघडण्याआधीच दोन्ही बाजूंची वाहने रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापून उभी असतात आणि गेट वर गेले की समोरासमोर येतात. या ढकलाढकलीत सायकलस्वार तिरका होतो आणि चाक रुळाच्या आतल्या फटीत बसते. रेल्वेच्या चाकाची कड जाण्यासाठी ती फट ठेवावीच लागते, आणि सायकलचा टायर तिच्यात सहज मावतो. एकदा चाक तिथे बसले की हँडल वळत नाही, आणि हँडल वळले नाही की तोल सावरता येत नाही. रूळ शक्य तितका काटकोनात ओलांडावा, रुळावर असताना ब्रेक लावू नये, पायडल मारू नये, वळू नये. पावसात भिजलेले लोखंड तेल लावल्यासारखे निसरडे होते. तेव्हा मी सरळ उतरते, पहिली गर्दी निघून जाऊ देते आणि सायकल हाताने पलीकडे नेते. माझ्या वयाच्या बायका हे करतात, तरुण मुले करत नाहीत. मला त्यांची फार काळजी वाटते.

पावसाचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागातली एक खास गोष्ट सांगायला हवी. वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात भातलावणी सुरू झाली की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरी रस्त्यावर येतो. तो वाळला की धूळ होते, आणि नुसती भुरभुर आली तरी त्याचे लोणी होते. वळवाच्या पहिल्या पावसातही असेच घडते, कारण महिनोन्महिने सांडलेले तेल आणि धूळ पाण्यावर तरंगून वर येते. अशा दिवशी वळणापूर्वी, सायकल सरळ असतानाच वेग कमी करावा. वळणात ब्रेक दाबला की चाक अंगाखालून निघून जाते.

ब्रेकची गोष्ट तर प्रत्येक कामगाराने समजून घ्यायला हवी. आमच्याकडे अजून पुष्कळ जण रॉड ब्रेकच्या आणि लोखंडी रिमच्या जुन्या सायकली वापरतात. भिजलेल्या लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर जवळजवळ पकडतच नाही. थांबायला कोरड्या दिवसाच्या कितीतरी पट अंतर लागते. ज्यांच्याकडे मी सायकल दुरुस्त करून घेते ते मामा मला म्हणाले होते, "ओल्या रिमला आधी पुसायचं, मग थांबवायचं." म्हणजे चौक यायच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलकेच टेकवून धरायचा, रिमवरचे पाणी निघू द्यायचे आणि त्यानंतर जोर लावायचा. रबर झिजून आतले लोखंड दिसू लागले असेल तर ते त्याच दिवशी बदलावे.

डब्याची पिशवी हँडलला अडकवू नये, हे मी कितीदा सांगितले असेल. ती झुलत झुलत पुढच्या चाकाच्या तारांत जाते, चाक जागीच थांबते आणि माणूस हँडलवरून तोंडावर पडतो. आमच्या खात्यातल्या एका मुलाचे पुढचे दोन दात असेच गेले. पिशवी कॅरिअरला बांधावी, आणि ओढणीची दोन्ही टोके कमरेला गाठ मारून खोचावीत.

हेल्मेटची सक्ती सायकलला नाही, तरी मी पडल्यापासून ते घालते. डोके आपटण्याच्या वेळी ते उपयोगी पडते. पडणे टाळण्याचे काम ते करत नाही, म्हणून ते घातल्यावर सावधपणा सैल होऊ देऊ नये. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतून चेपलेले असते, ते पुन्हा वापरू नये.

आता पडल्यानंतरचे. मी रस्त्यावर पडले तेव्हा लगेच उठण्याची धडपड करू लागले, कारण एवढ्या लोकांसमोर पडल्याची लाज वाटत होती. तेवढ्यात एका भाजीवाल्या गृहस्थांनी माझ्या पाठीमागे हात धरला आणि म्हणाले, "एळब्याड्री अक्का." उठू नका, असे ते कन्नडमध्ये सांगत होते, आणि ते अगदी योग्य होते. मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील तर जखमी माणसाला उचलून बसवू नये. मागून येणारी वाहने थांबवावीत, १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा आणि रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे. डोक्याला मार लागलेला माणूस नंतर उलटी करू लागला, गुंगीत जाऊ लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर घरी झोपवून ठेवू नये, लगेच दवाखान्यात न्यावे.

पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुष्कळ लोक मदतीला पुढे येत नाहीत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात घातलेल्या १३४-अ या कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर आपले नाव सांगण्याचीसुद्धा सक्ती करता येत नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार गंभीर जखमीला ५०,००० रुपये आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमींसाठी २०२५ साली सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची योजनाही आली. सायकलवरच्या माणसालाही हे लागू आहे, आणि आमच्या कारखान्यात मी विचारले तेव्हा ते एकालाही ठाऊक नव्हते.

शेवटची गोष्ट अंधाराची. दुसरी पाळी सुटते तेव्हा मच्छे, मजगाव, पिरनवाडीकडे निघालेल्या सायकलींना बहुधा दिवा नसतो. मागच्या मडगार्डला असलेले लाल भिंग फुटलेले असते किंवा ग्रीसने काळे झालेले असते. मी मागच्या महिन्यात लाल आणि पांढऱ्या चमकत्या पट्टीची दोन भेंडोळी आणली. जेवणाच्या सुट्टीत स्टँडवर जाऊन, मालकाला विचारून, मडगार्ड फडक्याने पुसून मागे लाल आणि पुढच्या फोर्कवर पांढरी पट्टी लावते. पायडलच्या कडेलाही एक तुकडा चिकटवते, कारण वरखाली होणारा ठिपका दुरूनच सायकल म्हणून ओळखू येतो. स्टँडवर तेवीस सायकली असतात, त्यांपैकी सतरा झाल्या आहेत. उरलेल्या सहा दुसऱ्या पाळीच्या आहेत. त्यांच्यासाठी येत्या गुरुवारी मी संध्याकाळी थांबणार आहे.