इन्सुलीच्या घाटात बॅटरी गेली तेव्हा

आईचा नवस होता, सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जायचा. संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे त्याच्या सणाला, 3 डिसेंबरला. गुडघ्यांनी तिला जाऊ दिलं नाही, आणि मग तीच गेली. नवस घरातच राहिला. तसा मी चर्चमध्ये लग्नं आणि मयतं सोडून जाणारा माणूस नाही. पुण्यात पोरांना फिजिक्स शिकवतो, देवाचा विषय निघाला की चहा मागवतो. पण 2024 च्या नोव्हेंबरमध्ये थोरल्या काकांचा फोन आला, "बाबू, तुझ्या आयशीचा चालणा राहिलाहा." एवढंच बोलले. मी रजा टाकली.

आमच्या जथ्यात तीसेक माणसं. पुढे ढकलगाडीवर संत फ्रान्सिस झेवियरची छोटी मूर्ती, झेंडूच्या माळा, आणि मूर्तीवर एलईडीची पट्टी. तिला लागणारी बॅटरी पुण्याहून मीच आणली होती. शिकलेल्या पुतण्याने काहीतरी कामाचं आणायला हवं ना! दिवसा ऊन आणि रस्त्यावर ट्रकांची गर्दी, म्हणून रात्री दोनला निघायचं ठरलं. तारीख 1 डिसेंबर, कार्तिकी अमावास्या.

पहिले सहा-सात किलोमीटर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत गेले. म्हणजे बाकीचे म्हणत होते, मी टाचेखालच्या खड्यावर लक्ष ठेवून होतो. इन्सुलीच्या घाटात एका वळणावर बॅटरीने मान टाकली. कुणी टॉर्च काढायला लागलं, तर काका म्हणाले, "ऱ्हवांदे रे. वायच बसा." झाडी तिथे जरा फाटलेली होती. आम्ही कठड्यावर बसलो.

डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. स्वतः किती वर्षांत तेवढा वेळ बसलो नव्हतो.

आधी गुरू दिसला. त्या दिवसांत तो रोहिणीच्या शेजारी होता आणि आभाळात दुसरं काहीच नसल्यासारखा ऐटीत होता. मग रोहिणी, मग खाली उजव्या हाताला, पश्चिमेकडे कललेल्या कृत्तिका. डोक्यावर पुनर्वसू आणि त्याच्या पुढे तांबडा मंगळ. समोर दक्षिणेला, जिकडे आम्हाला जायचं होतं तिकडे, झाडांच्या शेंड्यांवर अगस्ती. आणि मृग. मृगाच्या मधोमध एका ओळीत तीन तारे.

शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की तो व्याधाने मारलेला बाण. आई सांगायची, ते तीन राजे, बाळ येशूला बघायला निघालेत. "पोचतात कधी?" मी विचारायचो. "चलतत अजून," ती म्हणायची.

आई गेल्यावर मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचलं होतं. श्रद्धेने नव्हे, रागाने. भल्या माणसाची मुलं मेली, अंगभर फोडं आली, तो देवाला विचारतो आहे का म्हणून. शेवटी अडतिसाव्या अध्यायात देव वादळातून बोलतो आणि काय बोलतो? उलट प्रश्नच विचारतो. कृत्तिकांना तू बांधशील का, मृगाचे बंध सोडशील का? तेव्हा पुस्तक आपटून ठेवलं होतं. माणूस रडतोय आणि हा खगोलशास्त्राची तोंडी परीक्षा घेतोय! वर माझ्यातला मास्तर म्हणाला, कृत्तिकांना गुरुत्वाकर्षणाने बांधलंय, आणि आणखी पंचवीसेक कोटी वर्षांत तो गुच्छ आपोआप सुटेल. विषय संपला.

घाटात, मान मागे टाकून बसलो असताना, तेच प्रश्न वेगळे ऐकू आले. त्यात उत्तर नव्हतंच, आजही नाही. पण रडणाऱ्या माणसाला कुणी खांद्याला धरून ओट्यावर आणावं आणि म्हणावं, बघ, वर बघ, असं काहीसं ते वाटलं. ईयोबाला बाकी सगळे मित्र कारणं देत होते. याने कारण दिलं नाही, सोबत बसला. मी हे कुणाला पटवून देऊ शकणार नाही. वर्गात तर मुळीच नाही.

हिशेब मात्र सुटत नाही. कृत्तिकांचा जो उजेड माझ्या डोळ्यात पडत होता तो साधारण 440 वर्षांपूर्वी निघालेला. तेव्हा झेवियरचा देह गोव्यात येऊन तीसेक वर्षं झाली होती आणि तो देह जिथे ठेवतात त्या बॉम जेजू चर्चचं बांधकाम सुरू व्हायला अजून दहा वर्षं होती, ते 1594 चं. थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरला होता. ज्या इंग्रजाने पुढे मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, तो. तो उजेड निघाला आणि आम्ही कठड्यावर बसेपर्यंत वाटेतच होता. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मगे, तोय चलताच हा." आणि रोझरी पुढे सुरू केली. या खेपेला मीही म्हटली, मधले शब्द विसरत.

बांद्याला दिवस उजाडला. पत्रादेवी, धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा: याबद्दल सांगण्यासारखं म्हणजे फोड. दोन टाचांवर तीन. धारगळच्या पुढे एका घरात तुळशीपाशी बसवून आजींनी चहा आणि बिस्किटं दिली, पैशांचं नाव काढलं तर रागावल्या.

दोन तारखेच्या रात्री पणजीत उतरलो तर मांडवीत कॅसिनोंच्या बोटी लखलखत होत्या. वर पाहिलं, आभाळ करड्या दुधासारखं. मृगाचे तीन तारे जेमतेम, कृत्तिका गायब. पुढे रायबंदरचा जुना बांधरस्ता, 1634 मध्ये पुरा झालेला, तीन किलोमीटर सरळ. त्यावर अंधार थोडा वाढला तसे एकेक तारे परतले. जथ्यातली एक पोरगी विचारत होती, राजे कुठे गेले होते? मी म्हटलं, इथेच होते, आपल्यालाच दिव्यांमुळे दिसले नाहीत.

त्या वर्षी झेवियरच्या देहाचं दर दहा वर्षांनी होणारं शवदर्शन होतं, पेटी से कॅथेड्रलमध्ये ठेवलेली. रांग लांबच लांब. आत पोचल्यावर काही सेकंद मिळाले, तोवर स्वयंसेवक "चला, चला" म्हणत होता. काय मागायचं ते ठरवलं होतं, ते आठवलंच नाही. आईचं नाव घेतलं आणि पुढे सरकलो.

बाहेर उजाडत होतं. पश्चिमेला गुरू एकटाच उरला होता, अगदी खाली. काका खाज्यांचा पुडा सोडून पायरीवर बसले होते. एक खाजं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "फुडल्या वर्सा ती बॅटरी हाडू नको हां."