तुम्ही विचारलंत म्हणून : सुईविना बाळंतपण

"भूल न घेता बाळंतपण केलंत? कसं सहन केलंत हो?"

माझी थोरली आता नऊ वर्षांची आहे, तरी हा प्रश्न सुटलेला नाही. विचारणाऱ्या दोन तऱ्हेच्या असतात. काहींचे दिवस भरत आलेत आणि रात्री झोप लागत नाही. काहींना माझ्या तोंडून एवढंच ऐकायचं असतं, की बाईने मनावर घेतलं तर जमतं. हे लिहिते आहे ते पहिल्यांसाठी. दुसऱ्यांची निराशा होईल, कारण मी काहीही मनावर घेतलं नव्हतं. मला एपिड्युरल, म्हणजे कळा सोसाव्या लागू नयेत म्हणून कमरेत सुई घालून देतात ती भूल, हवं होतं. अगदी हट्टाने हवं होतं.

चौतिसाव्या आठवड्यात भूलतज्ज्ञांना भेटून आले होते. कमरेच्या मणक्यांमधून सुई कुठवर जाते, तिच्यातून बारीक नळी कशी आत सोडतात, मग सुई काढून नळी तेवढी ठेवतात, औषध लागू व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, हे सगळं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. ते पाहून मी निर्धास्त झाले. मैत्रिणीने श्वासाच्या व्यायामाचा कागद दिला होता, त्याची घडीसुद्धा उलगडली नाही. बॅगेत एक कादंबरी टाकली होती. कळा चालू असताना वाचायला!

पाणी पहाटे गेलं. दाखल झाल्यावर नेहमीसारखं रक्त घेतलं आणि तासाभराने सिस्टर पुन्हा सुई घेऊन आल्या. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, ५८,००० आल्या होत्या. साधारणपणे त्या दीड लाखाच्या वर असतात. गरोदरपणात थोड्या उतरतात, माझ्या चौतिसाव्या आठवड्यात १,१८,००० होत्या, आणि 'लक्ष ठेवू' म्हणून आम्ही सगळेच पुढे गेलो होतो. कधीकधी नळीतच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला कमी दिसतात, म्हणून दुसऱ्यांदा तपासतात. त्या फेरतपासणीवर मी किती आशा लावून बसले होते, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. आकडा आला ५६,०००. रक्तदाब आणि यकृताच्या तपासण्या ठीक होत्या, म्हणजे काही भयंकर घडत नव्हतं. फक्त माझी सुई गेली होती.

भूलतज्ज्ञ आले आणि स्टूल ओढून बसले. सुई घालताना आतली एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावू शकते. एरवी रक्त गोठतं आणि विषय संपतो. प्लेटलेट कमी असल्या तर मणक्याच्या आतल्या बंदिस्त जागेत रक्त साठू शकतं, मज्जातंतू दाबले जाऊ शकतात, पाय कायमचे लुळे पडू शकतात. फार क्वचित होतं, पण होतं. आकडा ७०,००० च्या वर असेल तर बहुतेक भूलतज्ज्ञ तयार होतात, त्याखाली कचरतात. "रागवा माझ्यावर, चालेल," ते म्हणाले, "पण सुई नाही." आणि उठता उठता सांगितलं, की सिझेरियन करायची वेळ आली तर कमरेत भूल देता येणार नाही, पूर्ण झोपवावं लागेल.

ही दुसरी गोष्ट मला दुखण्यापेक्षा जास्त लागली. बाळ जन्माला येईल आणि मी तिथे नसेन.

तुम्ही म्हणाल, बाकी उपाय नव्हते का? नाकावर धरून ओढायचा गॅस असतो, निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा प्राणवायू. तिथे तो नव्हता. स्नायूत द्यायचं इंजेक्शन नको म्हणाले, प्लेटलेट कमी असताना तिथेही रक्त साकळतं. शिरेतून औषध देता येईल का, याचा विचार चालू होता, तेवढ्यात तपासलं तर गर्भपिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलेलं. आता दिलं तर बाळ गुंगीत जन्मेल आणि श्वास घ्यायला आळस करेल, असं ठरलं. मी माझ्या वतीने काहीच ठरवलं नाही. धाडस ते कुठून आणू?

आता सहन कसं केलं ते. खरं उत्तर असं, की एका वेळी एक कळ. हे वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरले असते. पण लेबर रूममध्ये एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या माझ्याकडे कमी आणि कळा टिपणाऱ्या यंत्राच्या कागदावर उमटणाऱ्या रेषेकडे जास्त बघत होत्या. कळ सुरू झाली की म्हणायच्या, "चढतेय... चढतेय... ही टोकाला आली... बघ, उतरली." मला आतून वाटायचं की हे आता असंच वाढत जाणार, याला शेवट नाही. त्यांना रेषेवर शेवट दिसत होता. मिनिटभराची कळ, त्यातली खरी जीवघेणी वीस-पंचवीस सेकंदं. त्यांनी "उतरली" म्हटल्यावर खरंच उतरायची, आणि दोन-चार वेळा असं झाल्यावर मी त्यांच्या आवाजाला धरून राहायला शिकले.

आणि मधली जागा. तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही! दोन कळांच्या मध्ये दुखणं शून्य होतं. थोडं नव्हे, शून्य. निदान माझं झालं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कंबर सतत ठणकत राहते असं नंतर ऐकलं, तेव्हा ही सवलत सगळ्यांना मिळत नसावी. मी त्या दोन मिनिटांत अक्षरशः झोपायचे. घोरले म्हणे.

नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं की श्वास मोजून द्यायचे असतात. तिसऱ्या कळेला मी त्याला गप्प बसवलं. मग सिस्टरांनी त्याला काम दिलं : मी पलंगाच्या कडेवर ओणवी उभी, आणि त्याने तळहाताने माकडहाडाच्या जरा वर दाबून धरायचं, सगळा भार टाकून. याने दुखणं जात नाही, पण त्याला एक काठ मिळतो. दुसऱ्या दिवशी त्याचं मनगट सुजलं होतं. बाळंतपणात कोणीतरी सतत सोबत असण्यावर २०१७ साली २६ चाचण्यांचा एक आढावा निघाला, पंधरा हजारांहून जास्त बायकांचा. सोबत असली की वेदनाशामक कमी लागतं, वेळही थोडा कमी लागतो, असं त्यात दिसलं. मी तो पुष्कळ नंतर वाचला आणि मला ते मनगट आठवलं.

शेवटाकडे एक टप्पा येतो. त्याची पूर्वसूचना जरूर घेऊन ठेवा. मी थरथर कापायला लागले, थंडी नव्हती. उलटी झाली. मग मी अतिशय शांतपणे सगळ्यांना सांगितलं की मी आता घरी जाते, उरलेलं उद्या करू. गंमत नाही करत, मी चपला शोधत होते. सिस्टर खूश झाल्या. "घरी जाते म्हणाली ना? म्हणजे आलंच बाळ." बऱ्याच जणी नेमक्या याच वेळी मोडतात, आणि नेमकं याच वेळी थोडं उरलेलं असतं.

त्यानंतरचं दुखणं वेगळ्या जातीचं. आधीचं ओटीपोटात, कमरेत, मांड्यांत, कुठे म्हणून बोट ठेवता येऊ नये असं. ते गर्भपिशवीकडून एका वाटेने वर जातं. शेवटचं येतं खालच्या भागातून, दुसऱ्या मज्जातंतूंवरून, आणि धारदार, जिथल्या तिथे. पण जोर करायची मुभा मिळाली की आपण काहीतरी करत असतो. त्याआधी सगळं आपल्यावर चाललेलं असतं. डोकं बाहेर येताना आग झाली, आणि नेमकं तेव्हाच "आता जोर नको, फुंकर मार" असं सांगतात. त्या फुंकरा मला जमल्या नाहीत. टाके पडले.

मुलगी रडली. जन्मल्या जन्मल्या बाळाची तब्येत पाहून दहापैकी गुण देतात : पहिल्या मिनिटाला आठ, पाचव्याला नऊ. हे गुण द्यायची पद्धत १९५२ मध्ये व्हर्जिनिया अपगार यांनी मांडली, आणि त्या स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. त्या दिवशी त्या शाखेकडून आम्हाला मिळालं ते एवढंच. नाही, अजून एक. टाके घालण्याआधी डॉक्टर म्हणाल्या, "जरा टोचेल हं, इथे भूल देते." मला इतकं हसू आलं की त्यांना थांबावं लागलं. नाळेतलं रक्त तपासलं, बाळाच्या प्लेटलेट उत्तम होत्या. माझ्याही काही आठवड्यांत वर आल्या.

दुखणं विसरतं का? नाही. क्रम विसरतो, दुखणं लक्षात राहतं. फक्त ते आता अंगावर येत नाही.

मला जे खटकलं ते नंतरचं. भेटायला येणारे कौतुक करायचे, "एकदम नैसर्गिक! वाघीण आहेस." एकदा हे कौतुक चालू असताना कोपऱ्यात बसलेली माझी एक मैत्रीण हळूच म्हणाली, "मला नाही बाई जमलं." तिचं सिझेरियन झालं होतं, अठरा तास कळा दिल्यावर. अठरा तास! माझे सगळे मिळून नऊ. त्या क्षणी मी काहीच बोलले नाही, आणि ते मला अजून टोचतं. राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात, १८५३ मध्ये, क्लोरोफॉर्म घेतला. आधीची सात तिने तशीच काढली होती, म्हणजे अनुभव काही कमी नव्हता. मिळाल्यावर तिने घेतला, आणि १८५७ मध्ये नवव्या वेळीही घेतला.

तर ज्यांना झोप लागत नाही त्यांना. एपिड्युरल हवं असेल तर खुशाल ठरवा, पण भूलतज्ज्ञांना एक जास्तीचा प्रश्न विचारा : नाही देता आलं तर तुमच्याकडे दुसरं काय आहे? तो मी विचारला नाही. शेवटच्या महिन्यात प्लेटलेट उतरत असतील तर पुन्हा कधी तपासायच्या, ते तारखेनिशी ठरवून घ्या. 'लक्ष ठेवू' ही तारीख नव्हे. आणि तो श्वासाचा कागद उघडून ठेवा, लागला नाही तर उत्तमच.

चार वर्षांनी धाकटा झाला. या वेळी दर थोड्या दिवसांनी रक्त तपासत होते. दाखल होताना आकडा ९४,०००. भूलतज्ज्ञ वेगळे होते, त्यांनी कागद पाहिला, मान हलवली आणि सुई घातली. वीस मिनिटांनी मी नवऱ्याला बॅगेतून कादंबरी काढायला सांगितली. तीच जुनी. अकरा पानं वाचून झाली.

त्या बाळंतपणाबद्दल मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.