आमची वाटचाल : औषधाचं खोकं आणि त्यावरचा कोड

वसईतल्या गाळ्यात वडिलांनी ऑफसेट मशीन लावलं तेव्हा लग्नपत्रिका, बिलबुकं, अगरबत्तीची पाकिटं, येईल ते काम आम्ही घेत होतो. पुढे तारापूर-बोईसरच्या औषध कारखान्यांकडून ऑर्डरी येऊ लागल्या आणि बाकीचं सोडून आम्ही औषधांच्या मोनो कार्टनवर, म्हणजे गोळ्यांची पट्टी किंवा बाटली ज्यात येते त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर स्थिरावलो.

या कामात जबाबदारी फार मोठी. थायरॉइडच्या गोळ्या घ्या. २५, ५०, १०० मायक्रोग्रॅम. खोकं दिसायला सारखंच, फरक रंगाचा आणि आकड्याचा. गठ्ठ्यात दुसऱ्या स्ट्रेंग्थचं एक खोकं शिरलं, तर पेशंट चुकीचा डोस घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक आर्टवर्कवर, म्हणजे खोक्याच्या डिझाइनवर, वेगळा फार्माकोड असतो, जाड-बारीक रेघांचा. पॅकिंग लाइनवरच्या सेन्सरला वेगळा कोड दिसला की तो खोकं बाहेर काढतो. एकाच शीटवर दोन स्ट्रेंग्थ आम्ही कधीच लावत नाही, कागद वाया गेला तरी चालेल.

पूर्वी दोघं जण भिंग घेऊन प्रूफ वाचायचे. आता छापलेली शीट स्कॅन करून मंजूर पीडीएफशी ताडून पाहणारं सॉफ्टवेअर आहे; सुटलेला अनुस्वारही ते दाखवतं. तरी शेवटची सही माणसाचीच, आणि ती तशीच राहणार.

खरा बदल केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेनं आला. डोलो, कॅलपॉल, ऑगमेंटिनसारख्या ३०० ब्रँडांच्या वेष्टनावर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, लायसन्स नंबर हे सगळं त्यात हवं. बॅच बदलली की कोड बदलणार. तो छपाईच्या प्लेटवर कसा कोरणार? तो बहुधा कारखान्यातच, खोकं भरताना इंकजेटनं मारतात. आमचं काम त्याची जागा राखण्याचं. तिथे वार्निश, म्हणजे छपाईवरचा चकचकीत लेप, आलं तर शाई धरत नाही, पुसली जाते. कोडाभोवती पुरेशी कोरी जागा नसेल तर मोबाइल तो वाचत नाही. औषध खरं असूनही मग गिऱ्हाइकाला संशय येतो.

माझं स्पष्ट मत सांगतो. एका बॅचच्या सगळ्या खोक्यांवर एकच कोड असेल, तर नकली माल करणारा तोही जसाच्या तसा छापू शकतो. युरोपात ९ फेब्रुवारी २०१९ पासून बहुतेक प्रिस्क्रिप्शन औषधांच्या प्रत्येक खोक्याला स्वतःचा सीरियल नंबर आहे आणि औषध देताना दुकानदार तो तपासून नोंदीतून बाद करतो. आपल्याकडेही ते यायला हवं.

आमचे बरेच ग्राहक लहान कारखानदार आहेत, त्यांचे ब्रँड त्या ३०० मध्ये नाहीत. तरी नवं आर्टवर्क आलं की कोडासाठी बिनवार्निशचा चौकोन आत्ताच ठेवा, असा आग्रह आम्ही धरतो. खोकं कापायचा साचा, म्हणजे डाय, तोच राहतो, खर्च वाढत नाही.