‘थांबा’ म्हणेपर्यंत येणाऱ्या काड्या

तोक्योत सहा वर्षं काढली, त्यामुळे याकितोरी मला नवी नव्हती. युराकुचोला रेल्वेच्या पुलाखाली धुरात बसून खाल्ली होती, घरी जाताना सुपरमार्केटमधून डब्यात भरूनही आणली होती. बांबूच्या काडीला ओवून कोळशावर भाजलेली कोंबडी, एवढीच माझी तिची ओळख. ऑफिसातल्या माझ्या सीनियर म्हणाल्या, "एकदा ओमाकासे खाऊन बघ." ओमाकासे म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. काय द्यायचं, कोणत्या क्रमाने द्यायचं, ते सगळं भाजणारा ठरवणार.

मोंझेन-नाकाचोच्या एका गल्लीतलं दहा खुर्च्यांचं दुकान. फोन त्यांनीच केला, जागा दोन महिन्यांनंतरची मिळाली. फोनवरच विचारलं गेलं, कशाची ॲलर्जी आहे का, काय चालत नाही. मी सांगायला लावलं की अर्धकच्चं चिकन नको. अशा दुकानांत सासामी, म्हणजे छातीच्या आतली कोवळी पट्टी, बाहेरून जेमतेम भाजून आत गुलाबी ठेवतात. पण कच्च्या कोंबडीतून कँपिलोबॅक्टर या जंतूची बाधा होते, आणि जपानचं आरोग्य खातंही याबद्दल सावध करतं. ‘योकु-याकी’, नीट भाजून, एवढं आधी सांगितलं की काम होतं. याचा संकोच कुणी करू नये. माझी सासामी पूर्ण भाजून आली, वर वासाबीचा ठिपका, आणि तरीही ओलसर होती.

आम्हाला शेगडीच्या समोरच जागा मिळाली. गरम ओला रुमाल आला, मग किसलेल्या मुळ्याची वाटी आणि त्यावर लावीच्या अंड्याचा कच्चा बलक. मुळा काड्यांच्या मध्ये मध्ये खायचा, तोंड स्वच्छ होतं. बलक मी बाजूला ठेवला.

शेगडीत बिंचोतान होता. वाकायामाकडचा हा कोळसा उबामे ओकच्या लाकडाचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा खणखणीत आवाज येतो. ज्वाळा नाही, धूर जवळजवळ नाही, नुसती धग. ताइशो, म्हणजे दुकानाचे मालक, डाव्या हाताने काड्या फिरवत होते आणि उजव्या हातातल्या पंख्याने वारा घालत होते. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की तेवढ्यापुरता धूर उठायचा आणि मांसाला लागायचा. आमच्या सीनियर हळूच म्हणाल्या, "काडीला ओवायला तीन वर्षं, भाजायला जन्म." तिकडची म्हण आहे ती. तासभर त्या हातांकडे बघितल्यावर मला ती पटली. एका काडीवरचे तुकडेसुद्धा सारखे नसतात. टोकाकडचा मोठा, मुठीकडचा लहान, कारण पहिला घास टोकाकडून घेतला जातो. मांस काडीवरून काढून ताटलीत ठेवायचं नाही, काडीवरूनच खायचं. रिकामी काडी समोरच्या बांबूच्या नळकांड्यात.

मग एकेक काडी येत गेली. मानेचं मांस, सेसेरी. शेपटाकडचं चरबीचं बोंजिरी. सुनागिमो, म्हणजे आपल्याकडच्या कलेजी-पेठ्यातला पेठा, नुसत्या मिठावर, करकरीत. मध्येच गिंकोच्या हिरव्या बिया. कलेजी मात्र ‘तारे’ नावाच्या रसात बुडवून. सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू), साके आणि साखर घालून केलेल्या या रसाचं मडकं कधी रिकामं करत नाहीत. संपत आला की त्यातच नवा घालतात, जसं कालच्या दह्याचं विरजण आज लावतो. कलेजी इतकी मऊ असते हे मला तोवर माहीत नव्हतं. आपण ती फार वेळ शिजवतो, असं मला आता वाटतं.

नवव्या की दहाव्या काडीला ताइशोंनी एक वेगळीच काडी समोर ठेवली. टोकाला पिवळा धमक गोळा, खाली अंडनलिकेचा तुकडा. चोचिन, म्हणजे कंदील. कोंबडीच्या पोटातलं, अजून कवच न आलेलं अंडं. "एका घासात," एवढंच ते म्हणाले.

हे मी ओळखत होते. कराडजवळ आमच्या गावी आजी अंड्यावरची गावरान कोंबडी कापायची, तेव्हा पोटातून अशा बलकांचा घोसच निघायचा. सर्वांत मोठा सुपारीएवढा, मग लहान लहान होत मोहरीएवढे. आजी ते वेगळे काढून रस्सा उकळला की शेवटी अलगद सोडायची, फुटू नयेत म्हणून, आणि आम्हा नातवंडांच्या ताटात मोजून वाढायची. मोठा कुणाला, यावरून भांडण ठरलेलं. मुंबईला आणि नंतर तोक्योला दुकानातलं चिकन आणायला लागल्यापासून तो घोस मला दिसलाच नव्हता. दिसणार कसा? ब्रॉयलर कोंबडी अंड्यावर यायच्या आधीच कापतात.

मी काडी तोंडात घातली. आजीच्या रश्शातला बलक घट्ट व्हायचा, हा पातळ होता. नलिकेची भाजकी चव आणि त्यावर एकदम गरम, दाट बलक. जरा वेळ मला बोलता येईना. सीनियरनी काही विचारलं नाही, चहाचा कप तेवढा माझ्याकडे सरकवला.

पोट भरलं की ‘स्तोप्पु’ म्हणायचं, तोवर काड्या येतच राहतात. ते एखादी काडी आधीच सांगावं, कारण पुढच्या काड्या शेगडीवर चढलेल्या असतात. बारा झाल्यावर मी सांगितलं. शेवटी कोंबडीचं गरम सूप आणि ओयाकोदोनची छोटी वाटी आली, भातावर चिकन आणि अंडं. ओया म्हणजे आईबाप, को म्हणजे पिल्लू. माणशी साडेनऊ हजार येन झाले, साधारण पाच-साडेपाच हजार रुपये. टीप द्यायची पद्धत नाही.

निघताना ताइशो दारापर्यंत आले. कुठली काडी आवडली, असं त्यांनी विचारलं. मी चोचिन म्हटलं आणि माझ्या मोडक्या जपानीत आजीच्या रश्शाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "रस्सा उकळल्यावर घालायचे, की आधी?"

"उकळल्यावर," मी म्हटलं. "अगदी शेवटी."