दोनाला पाच

आमच्याकडे बेळगावात सेकंड पीयूची, म्हणजे बारावीची, केमिस्ट्री प्रॅक्टिकल जवळ आली की मी पोरांची बोटं बघतो. लॅबमधल्या जांभळ्या परमँगनेटचे तपकिरी डाग, साबणानं घासून पण जात नाहीत, आणि सायन्सला असून ज्याची बोटं एकदम स्वच्छ तो पोरगा ब्युरेटला, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या काचेच्या नळीला, हात न लावता शेजाऱ्याचं रीडिंग उतरवणारा असणार असा माझा आपला ठोकताळा आहे. चुकत पण असेल कधीकधी, खरं तपासायला कोण जातंय.

घरात पुतणी सध्या ह्याच फेऱ्यात आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूला सगळं इंग्लिश, लॅबमध्ये निम्मं बोलणं कन्नडात, आणि त्यात हा मोल, अणू-रेणू मोजायचं माप. पोरं त्याला घाबरतात ती त्या लांबलचक आकड्यामुळं, खरं तर आकड्याचं काही नाही. इथं कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत, कुठल्याही वर्कशॉपमध्ये जाऊन बघा, हजारो नट कुणी एकेक करून मोजत बसत नाही, एकाचं वजन माहीत असतं, पोतं काट्यावर टाकलं की संख्या निघाली. मोलचं काम तेवढंच. पूर्वी हा आकडा १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जेवढे अणू तेवढा असा ठरवलेला होता, २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात असा कायमचा पक्का करून टाकलाय.

आता गंमत बघा. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाणी धरलेल्या स्फटिकांचा मोल १२६ ग्रॅमचा, त्यातलं ०.६३ ग्रॅम १०० मिलीत विरघळवलं की ०.०५ मोलर, म्हणजे लिटरला ०.०५ मोल. समोर ब्युरेटमध्ये ०.०२ मोलर परमँगनेट, ते थेंबथेंब ॲसिडमध्ये सोडायचं आणि रंग जायचा थांबला की किती लागलं ते बघायचं, हेच टायट्रेशन. पिपेटनं, म्हणजे ठरलेलं माप ओढायच्या नळीनं, १० मिली ॲसिड घेतलं की परमँगनेट पण बरोबर १० मिलीच लागतं, आणि पोरांना वाटतं एकाला एक हिशोब झाला, संपलं! हिशोब आहे दोनाला पाच, दोन मोल परमँगनेटला पाच मोल ॲसिड. १० मिली ॲसिडमध्ये ०.५ मिलिमोल, १० मिली परमँगनेटमध्ये ०.२ मिलिमोल. सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या, क्लासला जाणारी पोरं एम वन व्ही वन बाय एन वन हे सूत्र लावून हे अर्ध्या मिनिटात सोडवतात, खरं ते दोन आणि पाच फ्लास्कमध्ये कुठं असतात विचारलं की गप. मला ह्याच गोष्टीचा राग येतो, गणित ट्युशनला आणि ब्युरेट कॉलेजात, दोघांची भेटच होत नाही.

पुतणीनं परवा विचारलं, "काका, गरम करून पण पहिला थेंब गुलाबीच राहतोय की, मग मी नळी जरा जास्त सोडालोय." असं बऱ्याच जणांचं होतं. फ्लास्क ६० ते ७० डिग्रीला तापवलेला असतो, वाफ दिसते, हाताला चटका बसतो, तरी पहिला थेंब आपला रंग धरून बसतो. कारण ही रिॲक्शन सुरुवातीला मंद असते, थोडं मँगनीज तयार झालं की तेच पुढच्या कामाला वेग देतं, मग थेंब पडला की लगेच नाहीसा. तेवढा पहिला थेंब जाईपर्यंत थांबायचं, फ्लास्क फिरवत राहायचं, बाकी काही नाही. आणि शेवटाकडं परत सावकाश. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, म्हणजे ०.०२ मोलरच्या हिशोबानं एक मायक्रोमोल, म्हणजे ६ गुणिले १० चा १७ वा घात एवढे परमँगनेट आयन. एवढा जमाव एका थेंबात खाली येतो आणि पांढऱ्या टाइलवरच्या फ्लास्कात कळेल न कळेल असा गुलाबी रंग टिकतो, तिथं नळी बंद.

बाकीच्या सूचना सगळ्यांना पाठ असतात, फनेल काढा, तोटीतला बुडबुडा घालवा, फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, पिपेटच्या टोकाला राहिलेला थेंब फुंकू नका कारण तो सोडूनच माप धरलेलं असतं. परमँगनेट इतकं गडद की नळीत त्याच्या वाकलेल्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, म्हणून वरची वाचायची. ॲसिडिक करायला सल्फ्युरिकच, हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्यातून क्लोरीन काढत बसणार आणि रीडिंग फुगणार.

ज्याच्या नावाचं लोखंडाचं सॉल्ट पोरं परीक्षेला वापरतात तो मोहर जर्मन फार्मासिस्ट होता, टायट्रेशनवर १८५५ मध्ये त्यानं मोठं पुस्तक काढलं, रबरी नळीला चिमटा लावलेली ब्युरेट त्याचीच. खरं गंमत अशी, परमँगनेट रबर खातं. म्हणजे मोहरचं सॉल्ट परमँगनेटनं मोजायचं तर मोहरची ब्युरेट चालत नाही, काचेची तोटीच लागते. बिचारा!

पुतणीचं पहिलं रीडिंग आलं १०.३, मग १०.० आणि १०.०. मैत्रिणीनं सांगितलं, खोड आणि तिन्ही सारखी लिही, सगळेच लिहितात. मी म्हटलं राहू दे गं, पहिलं अंदाजाचंच असतं, अजून एकदा कर आणि जुळलेली तीन धर. तिनं १०.३ पुढं पेनानं "रफ" लिहिलंय आणि आता एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, त्याचे मार्क कापतात का ह्याची काळजी करत बसलीय.